फ्लायव्हीलचा कडता

बालाजी नुसता हसला असता तर अंगद सरांनी ते पोटात घातलं असतं. मेव्हणाच तो, हसणारच. पण तो बोलला. आणि तेही नांदेडला स्वतःच्या दारात, गल्लीतली पाच-सहा माणसं ऐकत असताना.

झालं होतं एवढंच, की सासूबाईंच्या, म्हणजे कावेरीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं होतं आणि त्यांनी जाहीर केलं होतं की महिन्याभरानं, पौर्णिमेनंतरच्या शुक्रवारी, आपण माहूरला रेणुकाआईच्या पायाशी जाणार. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण पुढं त्या म्हणाल्या, "जाईन तर जावईबापूंच्या गाडीत. दवाखान्यातून मला त्यांनीच घरी आणलं. तवाच नवस बोलले मी मनात."

दारात बालाजीची नवी कोरी गाडी उभी होती. क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. बालाजीनं एकदा त्या गाडीकडं बघितलं, एकदा आईकडं बघितलं, आणि मग तो बोलला.

"जा की. दाजींच्या गाडीला टर्बो हाय म्हणं. पण ते जागं व्हायला वेळ लागतो. आपण पाय दाबायचा, उतरून चहा पिऊन यायचं, मग गाडी हलती. दाजी, घाटात अडकलात तर लाजू नका, फोन करा. मी येतो आईला न्यायला."

गल्ली हसली. अंगद सरही हसले. मग लातूरला परत येताना लोह्यापासून अहमदपूरपर्यंत प्रत्येक ट्रकला हॉर्न मारत आले. राजकन्येनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दोनदा विचारलं, "अहो, राग आला का?" दोन्ही वेळा ते म्हणाले, "मला? कशाचा?" आणि दोन्ही वेळा गाडी चौथ्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये गेली.

आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. अंगद सर कुणी साधेसुधे गाडीवाले नव्हते. ते लातुरात फिजिक्स शिकवायचे. लातुरात फिजिक्स शिकवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. इथं गणपतीच्या वर्गणीला आलेली पोरंसुद्धा सरांना बघून आधी पाया पडतात आणि मग पावतीपुस्तक काढतात. त्यातून सरांचा हातखंडा विषय म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंचा धडा. मोमेंट ऑफ इनर्शिया! जड चाक फिरवायला जास्त जोर लागतो, हलकं चाक पटकन फिरतं, आणि वजन काठाला जेवढं जास्त तेवढा त्रास जास्त, हे ते दोनशे पोरांसमोर हात फिरवून असं शिकवायचे की शेवटच्या बाकावरच्याला वारा लागावा. अशा माणसाला बालाजीसारख्या सिमेंटच्या दुकानदारानं पिकअप शिकवावं?

सर रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी दात घासता घासता त्यांना रोग सापडला.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो जोरात फिरला की इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडी पळते. पण इंजिनाचे फेरे वाढल्याशिवाय पंखा जोरात फिरत नाही. आणि फेरे वाढू कोण देत नाही? तर इंजिनाच्या मागं बसवलेली ती परातीएवढी लोखंडी तबकडी. फ्लायव्हील! इंजिनाचा पहिला सगळा जोर ती फुकट खाते. तिचं वजन कमी करा, फेरे झटकन चढतील, टर्बो खडबडून जागं होईल, आणि बालाजी तोंड लपवत फिरेल. तोंडातला फेस तसाच ठेवून सरांनी कॅलेंडरच्या मागं आकृती काढली.

शेजारी पंचाक्षरी काका राहायचे. एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं इंजिनं उतरवलेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांचा उद्योग म्हणजे सकाळी गेटपाशी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचे आणि मान हलवायची. सरांनी त्यांना आकृती दाखवली.

"सर," काका म्हणाले, "तुमचं गणित बरोबर हाय. पण अर्धंच हाय. गिअर बदलताना तुम्ही रेसवरला पाय काढता का न्हाई? तवा ही जड तबकडी इंजिनाला फिरतं ठेवती. इंजिन फिरतंय म्हणून टर्बो फिरतंय. तबकडी हलकी केली की पाय काढल्याबरोबर फेरे धपकन पडणार. टर्बो परत झोपणार. मग दर गिअरला त्याला उठवत बसा. अन् उभ्या गाडीत चार माणसं असली, वर चढ असला, तर पहिला झटका तिच्यातूनच येतो. तो झटकाच कापून टाकला तर गाडी बंद पडंल."

"काका, ते बसचं झालं," सर म्हणाले.

काकांनी मान हलवली. बाकीच्या सोसायटीनं मात्र सढळ हातानं सल्ले दिले. समोरच्यांनी गाडीच विकून टाका म्हणून सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी डिझेलमध्ये कापूर टाकायला सांगितलं. त्यांच्या साडूंना फरक पडला होता म्हणे. राजकन्या एवढंच म्हणाली, "अहो, आईला माहूरला न्यायचंय, एवढंच करायचंय ना? गाडी तर चालूच हाय की."

"चालू आहे आणि चालते यात फरक असतो," असं म्हणून सर गाडी घेऊन निघाले.

वीरेश मिस्त्रीचं गॅरेज एमआयडीसीत. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि वहीचं कोरं पान फाडून सरांपुढं धरलं. "सर, तुम्ही म्हणाल तसं करतो. फक्त तुम्हीच सांगितलं म्हणून ह्याच्यावर लिहून द्या." सरांना ते लागलं. शिक्षक माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या घेतल्या. पण दिली सही.

गाडी वर चढवली, गिअरबॉक्स उतरवला, तबकडी निघाली. आणि इथं सरांमधला प्रामाणिक नागरिक जागा झाला. इंजिनात बदल करायचा तर सरकारला विचारायला नको का? न विचारणारे सुखात राहतात, पण सर न विचारणाऱ्यांतले नव्हते. ते वाहनांच्या कचेरीत गेले. तिसऱ्या खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "ते फ्लायव्हील का काय, बाहेरून दिसतं का?"

"नाही."

"मग आलात कशाला?"

"नियम आहे का ते विचारायला."

"नसंल बहुतेक. पण आता विचारलंत म्हणल्यावर अर्ज द्यावा लागंल. अर्ज दिला की गाडी तपासणीला आणावी लागंल."

"अहो, फ्लायव्हील काढलेलं आहे. गाडी येणार कशी?"

"मग बसवून आणा."

"बसवलं की मग परवानगी कशाची मागू?"

बाबूनं या प्रश्नावर खरोखर विचार केला. पेन कानामागून काढून पुन्हा कानामागं ठेवलं. मग दयेनं म्हणाला, "सर, माझा पुतण्या तुमच्या क्लासला हाय. तुम्ही आलाच न्हाईत असं समजा." सर बाहेर आले तेव्हा कायद्यानं वागायला निघालेल्या माणसाला चोरासारखं का वाटावं, हे त्यांना कळत नव्हतं.

पुढचा प्रश्न वजनाचा. किती कापायचं हे ठरवायला आधी आहे किती ते कळायला हवं. वीरेशकडं काटा नव्हता. कोपऱ्यावर भंगारवाल्याकडं होता, पण अंगद सर भंगारवाल्याच्या काट्यापाशी लोखंड घेऊन उभे आहेत हे एखाद्या पालकानं बघितलं तर? त्यापेक्षा आडत बाजार बरा. तिथं एका विद्यार्थ्याच्या वडलांचं दुकान होतं, नवा इलेक्ट्रॉनिक काटा होता. सर तबकडी तुरीच्या रिकाम्या पोत्यात घालून तिथं पोहोचले.

दुकानात सोयाबीनची रास पडली होती, हमाल धुळीनं पांढरे झाले होते. सरांनी काटेकोरपणे तबकडी पोत्यातून बाहेर काढली. पोत्याचं वजन धरलं जायला नको! फिजिक्स म्हणजे फिजिक्स. ती काट्यावर ठेवली. तोलाईवाल्यानं यंत्राकडं न बघताच विचारलं, "मालाचं नाव?"

"फ्लायव्हील."

"ते ह्याच्यात न्हाई. तूर लिहू का हरभरा?"

सरांनी हरभरा निवडला. यंत्रानं पावती ओकली: हरभरा, अकरा किलो. सर खूश. अकराचा पाव भाग कापायचा, म्हणजे राहिलं सव्वाआठ. आणि गंमत बघा, माणसाला एकदा कापायचा नाद लागला की सव्वाआठवर थांबवत नाही. सरांनी ठरवलं, पूर्ण आठ करू. लेथवाल्याकडं जाऊन ते म्हणाले, "आठ किलो राहू द्या. आणि कापायचं ते सगळं काठावरून. मधे हात लावायचा नाही." काठावरून का, हे त्यांनी त्याला वीस मिनिटं समजावलं. बिचाऱ्यानं दहावीनंतर पहिल्यांदाच पूर्ण तास ऐकला आणि मग मशीन चालू केलं.

तबकडी बसली. पुढचे चार दिवस अंगद सरांसारखा सुखी माणूस लातूर जिल्ह्यात नव्हता. पहाटे मोकळ्या रिंगरोडवर एकट्यानं गाडी काढायची, पहिल्या गिअरला पाय दाबायचा, आणि काटा असा वर उडायचा की सर स्वतःशीच "वा!" म्हणायचे. टर्बोची शिट्टी लगेच ऐकू यायची. दुसऱ्या गिअरला जाताना फेरे जरा पडायचे, शिट्टी बंद व्हायची, गाडी एक आचका द्यायची. पण सुखात असलेला माणूस आचके मोजत नाही.

पाचव्या दिवशी ते भर गर्दीत गंजगोलाईत गेले. तिथं गाडी बंद पडली. सुरू केली, हलवली, पुन्हा बंद पडली. एका चकरेत चार वेळा. मागचा रिक्षावाला उतरून खिडकीपाशी आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "काका, शिकून राहिलात का? मग 'एल' लावा ना पाठीमागं." उभ्या गाडीत इंजिन असं थरथरत होतं की आरशात दिसणारे सर स्वतःच धुरकट दिसत होते.

संध्याकाळी पंचाक्षरी काकांनी गेटपाशी आवाज ऐकला आणि पहिल्यांदाच खुर्चीतून उठले. "किती कापलं सर?"

"तीन किलो फक्त. अकराचे आठ केले." सरांनी पुराव्यादाखल पावती काढली.

काकांनी चष्मा लावून पावती वाचली. मग उलटी करून वाचली. मग म्हणाले, "सर, ही आडतीची पावती हाय. अकरा हे निव्वळ हाय. हे बघा खाली बारीक अक्षरात. एकूण बारा. कडता एक."

"कडता म्हणजे?"

"पोत्याचं अन् माती-काडीकचऱ्याचं म्हणून आडतीत एक किलो कापून धरतात. त्यांच्या मशिनीतच बसवलेलं असतंय."

"पण मी पोतं काढलं होतं!"

"तुम्ही काढलं हो. मशिनीला कुठं ठावं? तिच्यासाठी तो हरभरा होता." काकांनी पावती घडी करून परत दिली. "अन् लेथवाल्याचा काटा खरा. म्हणजे बाराचे आठ झाले. तीन न्हाई सर, चार गेले. तेही सगळे काठावरचे."

सरांनी पावती पुन्हा उलगडली. काठावरचं वजन गेलं की परिणाम वजनापेक्षा जास्त होतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. सव्वीस वर्षं तेच सांगत होते. दोनशे पोरांना दरसाल चिन्ह नि एकक तपासायला सांगणारा माणूस पावतीची खालची ओळ वाचायला विसरला होता, आणि एका तूर-हरभऱ्याच्या काट्यानं त्याला नापास केलं होतं. त्यांना इतकी लाज वाटली की जिना चढताना त्यांनी दिवा लावला नाही.

वीरेशला फोन केला. नवी तबकडी पुण्याहून येणार, पंधरा दिवस लागणार. शुक्रवार होता परवा.

"मग बालाजीच्या गाडीतून जाऊ," राजकन्या म्हणाली.

"आई काय म्हणाल्या होत्या?"

"ती काय, बोलून जाती."

"बोलून जात नाहीत त्या. वर्षभर म्हणत होत्या की पायावर उभी राहिले तर माहूरला जाईन. उभ्या राहिल्या. आता मी सांगू, की तुमचं ऑपरेशन बरं झालं, पण गाडीचं बिघडलं?" सर आईवेगळे वाढलेले होते. जावईबापू म्हणून ताटात जास्तीची पुरणपोळी वाढणारी ती एकच बाई त्यांच्या वाट्याला आली होती. राजकन्येनं मग प्रवासाची पिशवी काढली.

शुक्रवारी पहाटे ते नांदेडला पोहोचले. बालाजीच्या दारात गाडी नीट थांबायच्या आत स्वतःहून बंद पडली. सरांनी मुद्दामच बंद केल्यासारखी किल्ली फिरवली. बालाजीनं बघितलं, पण आई समोर होती म्हणून तो डिकी उघडायला गेला. मात्र दारातलं सामान बघून सरांनी मनात किलो मोजायला सुरुवात केली. देवीच्या ओटीचं सामान, नारळांचं पोतं, विड्याच्या पानांची भली मोठी टोपली, तांबुलासाठी. अन्नदानाला तीस किलो गहू. आणि या सगळ्याच्या वर कावेरीबाईंची नणंद गुणाबाई, बिलोलीहून कालच आलेली, अंगानं दणकट.

"आत्या पण येणार?" सरांनी हळूच विचारलं.

"येते न् काय! लेकाच्या लग्नाचा नवस हाय माझा," गुणाबाई गाडीत बसता बसता म्हणाली, आणि गाडी मागच्या बाजूनं चार बोटं खाली गेली.

कावेरीबाई ऑपरेशनचा पाय गुणाबाईच्या मांडीवर लांब करून मागच्या सीटवर बसल्या. बालाजी खिडकीत वाकला. "दाजी, फोन चालू ठेवतो मी." त्यात टोमणा किती आणि काळजी किती, हे सरांना कळलं नाही.

सपाटीला कसंबसं निभावलं. पण प्रत्येक गिअरला टर्बो झोपायचं, मागून ट्रॅक्टर जवळ यायचा, पुन्हा टर्बो उठायचं. गुणाबाई दर आचक्याला "आई रेणुके!" म्हणायची. दोन तासांत तिनं देवीला इतक्या हाका मारल्या की वर जायची गरजच उरली नव्हती.

माहूरच्या गडाचा चढ सुरू झाला आणि दुसऱ्याच वळणावर समोर जीपगाड्यांची रांग थांबलेली. शुक्रवार, पौर्णिमेनंतरचा; गर्दी असणारच. सरांनी ब्रेक लावला. हँडब्रेक ओढला. रांग दहा पावलं पुढं सरकली. सरांनी त्यांच्या नेहमीच्या सवयीनं, हळुवार क्लच सोडला. इंजिन एकदा कुंथलं आणि बंद.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद. गाडी हातभर मागं घसरली आणि मागच्या जीपवाल्यानं जो हॉर्न दाबला तो काढलाच नाही.

"थांब रे मेल्या!" म्हणत गुणाबाई खाली उतरली. रस्त्याकडेचा एक चांगला ओंजळभर मोठा दगड उचलून तिनं मागच्या चाकाखाली घातला. "जावई, करा चालू. म्या हाय इथं." गाडी पाच पावलं गेली, बंद पडली, गुणाबाईनं दगड उचलला, पाच पावलं चालली, पुन्हा घातला. नऊवारी कमरेला खोचून, दगड दोन्ही हातांत धरून, ती गाडीच्या मागं अशी चालत होती की बाजूनं उतरणाऱ्या भाविकांना तो नवसच वाटला. एका बाईनं तिच्या पाया पडून घेतलं.

सहा वेळा झालं. सातव्या वेळी क्लचचा जळका वास गाडीत भरला. जीपवाला खिडकीपाशी आला. "सर, रेस जास्त द्या ना! जास्त देऊन मग सोडा!"

"मला कळतं," सर म्हणाले. कळत तर होतंच. हलक्या तबकडीत साठवलेला जोर नाही, म्हणून फेरे आधी चढवून ठेवायला हवेत. हे ते फळ्यावर सिद्ध करून दाखवू शकले असते. पण पाय ऐकेना. इतक्या वर्षांत हळुवार सोडायला शिकलेला पाय. त्यात हात घामेजलेले, मागं हॉर्न, नाकात वास. आठव्यांदा गाडी बंद पडली तेव्हा आरशात त्यांनी बघितलं, कावेरीबाई डोळे मिटून, दोन्ही हातांनी पानांची टोपली घट्ट धरून बसल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सरांनी खिशातून फोन काढला. बालाजीचं नाव वर होतंच.

"ठेवा तो," राजकन्या म्हणाली. "उतरा खाली."

"काय?"

"उतरा. मी घेते गाडी."

"इथं? चढावर? गाडी घेऊन आठ वर्षं झाली, तू कधी..."

"आठ वर्षांत तुम्ही देताय कुठं? अहो, बिलोलीला बाबांची जीप होती, ती रेस सोडली की मरायची. फाटकापासून शेतापर्यंत पाय दाबूनच न्यावी लागायची. मी न् बालाजी तिच्यावरच शिकलो. उतरा, मागं माणसं खोळंबलीत."

सर उतरले. राजकन्येनं सीट पुढं ओढली, पदर खोचला, चपला काढून बाजूला ठेवल्या. मग तिनं रेस दिली. अशी दिली, की सरांना रस्त्यावर उभ्या उभ्या दातातून कळ आली. दुसऱ्या कुणी त्यांच्या गाडीवर अशी रेस दिली असती तर ते त्याच्याशी आयुष्यभर बोलले नसते. इंजिन किंचाळलं, टर्बोची शिट्टी वाजली, आणि तिनं क्लच सोडला. गाडी निघाली. हलकी तबकडी तिच्या पायाला अशी मानवली होती, जणू लेथवाल्यानं तिच्याच मापानं कापली होती. पुढं रांग थांबली, ती थांबली. रांग निघाली, ती निघाली. पुढच्या वळणावर गाडी दिसेनाशी झाली.

गुणाबाईनं हातातला दगड बाजूला टाकला आणि सरांकडं बघितलं. "चला जावई. आता आपुनच राहिलो."

दोघं चालत निघाले. अर्ध्या वाटेत फोन वाजला. बालाजी. सरांनी दोन पावलं जाऊ दिली, मग उचलला.

"दाजी, पोहोचले का?"

खोटं बोलायला फारसं काही लागलं नसतं. गाडी वर गेली होती, सासूबाई तिच्यात होत्या. हो म्हटलं की झालं. पण सरांचा श्वास लागला होता, आणि ते दमलेही होते, चढानं आणि या महिन्याभराच्या सगळ्यानंच.

"आई पोहोचल्या," ते म्हणाले. "तुझ्या बहिणीनं नेलं. माझ्याच्यानं झालं नाही. मी चालत येतोय."

सरांना वाटलं, आता हसणार. पण बालाजी म्हणाला, "जीप चालवल्यावानी चालवली असंल तिनं. लई मारकुटी जीप होती ती, दाजी. मला कधी जमली न्हाई. मी क्लच नसलेली गाडी उगंच घेतली का?"

पार्किंगपाशी राजकन्या बोनेट उघडून उभी होती आणि तीन ड्रायव्हर तिला काहीतरी विचारत होते. पुढच्या पायऱ्यांसाठी डोली ठरवलेली होती. कावेरीबाईंनी दर्शन घेतलं, तांबूल घेतला, आणि थोडासा आपल्या हातानं सरांच्या तळहातावर ठेवला. सरांनी तो तोंडात टाकला. ते गाडीपाशी परत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

राजकन्येनं किल्ली पुढं केली. "घ्या. आता उतारच हाय."

सरांनी किल्लीकडं बघितलं. महिनाभर जी इज्जत वाचवायला ते धावत होते, ती बहुतेक त्या किल्लीएवढीशीच होती. "नको," ते म्हणाले. "तूच घे." गुणाबाई लगेच पुढच्या सीटवर जाऊन बसली.

सर मागचं दार उघडून उभे राहिले. आतला लांब केलेला पाय, टोपली, पिशव्या, बसायचं कुठं? कावेरीबाईंनी दोन्ही हातांनी धरून आपला पाय हळूच वाकवला, डॉक्टरांनी शिकवला होता तसा, आणि सरकून जागा केली.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "जावईबापू, इतकी वर्सं तुमच्या गाडीतून हिंडले, पर नुसती तुमची पाठच बघितली. आज जरा तोंड बघून बोलू द्या."